दुखरी कंबर घेऊन मुंबईला

मैत्रिणींनो, मुंबईला माणसं कशाकशासाठी जातात! कुणी नोकरीला, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, कुणी लालबागच्या राजाचा नवस फेडायला. मी गेले ती माझी कंबर घेऊन. हसू नका हं. तुमच्यापैकी निम्म्याजणींना तरी हे दुखणं ठाऊक असणार. सकाळी उठताना पलंगाची कड धरायची, वाकलं की कळ, उभं राहिलं की कळ, आणि कुणी विचारलंच तर "काही नाही, जरा कंबर धरलीय" असं म्हणून कामाला लागायचं.

माझं दुखणं सुरू झालं ते पुरापासून. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. ह्यांचं कापडाचं दुकान. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवस आम्ही सगळे चिखल उपसत होतो. भिजलेला कापडाचा तागा किती जड होतो, ते उचलल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा कंबरेला काही वाटलं नाही. वाटायला सवड तरी कुठे होती? पण गणपतीच्या दिवसांत एका सकाळी कळशी उचलायला म्हणून वाकले, ती तशीच राहिले. सरळ होता येईना.

त्यानंतर चार वर्षं तीच कथा. मलमं झाली, गोळ्या झाल्या, विटेचा शेक झाला, कंबरपट्टा झाला. कळ उजव्या खुब्यातून पार पोटरीपर्यंत उतरायची. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तास संपेपर्यंत टेबलाला टेकून उभी राहायची आणि मुलांना वाटायचं, बाई आज रागावल्यात. घरी सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी विहिरीवरून पाणी आणायचो, कंबर दुखते म्हणायला वेळ नव्हता." त्यांचंही खोटं नव्हतं. पण रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं ते कुणाला दाखवणार?

शेवटी एका डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला, फोटोकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "मणक्यातली गादी सरकली आहे. ऑपरेशन करून टाका, नाहीतर उद्या पाय लुळा पडेल." खर्च सांगितला दोन लाखांच्या वर. पुरातून दुकान आत्ता कुठे सावरत होतं. हे काही बोलले नाहीत, नुसते हिशेबाची वही उघडून बसले. ते पाहून मला कंबरेपेक्षा जास्त दुखलं. मग गिरगावच्या आत्याचा फोन आला, "अगो, कापून घ्यायच्या आधी मुंबईत दाखव तरी!" २०२५ ची भाऊबीज आटोपली, शाळेला सुट्टी होतीच. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं, भिशीचे पैसे पर्समध्ये घातले आणि रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने निघाले.

दादरला उतरले तेव्हा उजाडत होतं. पाठीच्या दुखण्याने मुंबई पाहिली की ती निराळीच दिसते. आपण एरवी देवळं पाहू, दुकानं पाहू. मी पाहत होते जिने. कुठे सरकता जिना आहे, कुठे लिफ्ट, कुठे कठडा धरता येईल. दादरला सरकते जिने आहेत, पण गर्दीत ते सापडायला हवेत. एक गोष्ट लक्षात ठेवा, मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ पासून बदलले आहेत. ते आता आठपासून सुरू होतात. जुन्या आठवणीवर विसंबलात तर माझ्यासारखा उगीचच एक पूल चढाल.

आतेभाऊ न्यायला आला होता. बाहेर फुलबाजार भरात होता. झेंडूची पोती, शेवंतीचे हारे, मोगऱ्याचा वास, आणि त्या सगळ्यातून डोक्यावर ओझं घेऊन झपाझप चालणाऱ्या बायका. त्यातल्या एकीने हारा खाली उतरवला आणि दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागे वाकली, क्षणभरच. मी ओळखलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं. बोललो काही नाही.

आत्याचं घर ठाकूरद्वारजवळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या. गिरगाव आता पूर्वीचं राहिलं नाही असं सगळे म्हणतात, आणि मधूनमधून उंच इमारती उठलेल्या दिसतातच. पण खोताच्या वाडीतली ती उतरत्या छपरांची घरं अजून आहेत. जिथे १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला ती केशवजी नाईकांची चाळही आत्याने मला दुरून दाखवली. आणि चाळीची गॅलरी तर पूर्वीसारखीच! मी पोचल्यावर पंधरा मिनिटांत सगळ्या मजल्याला माझ्या कंबरेची बातमी लागली.

मग काय विचारता! एकीने निर्गुंडीचा पाला सुचवला, एकीने डिंकाचे लाडू. एका आजोबांनी पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना गुण आलेल्या वैद्यांचं नाव सांगितलं, पण ते वैद्य आता हयात नव्हते. आणि टोकाच्या खोलीतल्या काकू पायाळू निघाल्या. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायचा, हे आपल्याकडे कितीतरी घरांत ठाऊक असतं. मी बीए झालेली, मुलांना विज्ञान शिकवणारी. पण आत्याचं मन मोडवेना. मी पालथी झोपले आणि काकूंनी देवाचं नाव घेत हलकेच तीनदा पाय लावला. दुखणं काही गेलं नाही. पण खरं सांगते, चार वर्षांत माझ्या पाठीवर इतक्या मायेने कुणी काही ठेवलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "बाई, मी सत्तर वर्षं दुसऱ्यांच्या कंबरा बऱ्या करत्येय, माझी मात्र तशीच." सगळी गॅलरी हसली. मीही हसले, आणि हसताना कळ आली.

दुसऱ्या दिवशी दादरला निघालो. गिरगावातून दादरला जायला ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो झाली आहे. कंबर दुखणाऱ्यांना ती मोठीच सोय. लिफ्टने खाली उतरा, धक्के नाहीत, ढकलाढकली नाही. चर्नी रोडच्या लोकलमध्ये चढताना जो जीव मुठीत धरावा लागतो, तो इथे धरावा लागला नाही.

पण दादरला जिथे गेलो, तिथे मात्र मी फसले. त्या जागेचं नाव घेत नाही. थंडगार खोली, गुळगुळीत फोटो, आणि आत गेल्या गेल्या पंधरा दिवसांचं पॅकेज. पैसे आगाऊ. एका पलंगावर बांधून यंत्राने कंबर ताणायची, मग शेक, मग आणखी एक यंत्र. माझी फाइल पाहिली, पण मला उभं करून कुणी पाहिलं नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मला नेमकं झालंय काय?" उत्तर आलं, "गॅप आहे, भरून निघेल." भिशीचे अकरा हजार गेले ते गेले. आतेभाऊ भांडायला निघाला होता, मीच नको म्हटलं. आता वाटतं, भांडायला हवं होतं.

रात्री गॅलरीत बसून मी आत्याला म्हटलं, "जाते मी परत. ऑपरेशनच करून टाकते एकदाचं." आत्या म्हणाली, "उद्या केईएमला जाऊ. सगळी मुंबई जाते, तू काय वेगळी आहेस?"

सकाळी लवकर निघालो. प्रभादेवी स्टेशनला उतरलो. २०१८ पर्यंत त्याचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. तिथल्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला पावसात चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसं गेली. त्यानंतर सैन्याने तिथे नवा पूल बांधून दिला. आत्या तो पूल चढताना दरवेळी कठड्याला हात लावून नमस्कार करते. परळच्या बाजूला उतरून आम्ही टॅक्सी केली.

केईएमचं आवार म्हणजे एक गावच. १९२६ साली हे रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झालं. देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की इथे शिकवणारे आणि तपासणारे डॉक्टर भारतीयच असावेत. इंग्रजांचं राज्य असताना अशी अट! रांगेत उभं राहायचं होतं म्हणून मी हा इतिहास आठवत होते, नाहीतर पायातली कळ आठवत बसले असते. माझ्यापुढे साताऱ्याकडची एक बाई होती, मागे उत्तर प्रदेशातून आलेलं कुटुंब. एका मुलीने आपली पिशवी खाली ठेवून मला त्यावर बसायला सांगितलं. सकाळी आठला गेलो, नंबर लागला साडेअकराला. जाणार असाल तर पाण्याची बाटली, डबा आणि जुने सगळे कागद तारखेवार लावून न्या. आणि बरोबर एक माणूस हवंच.

तपासणारा डॉक्टर तरुण होता, डोळे झोपेने जड झालेले. पण त्याने एमआरआयच्या पाकिटाला आधी हातच लावला नाही. "आधी तुम्ही सांगा," म्हणाला. चार वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. आडवी निजवून पाय सरळ ठेवून वर उचलला, गुडघ्यावर हातोडी मारली, पायाला कुठे टोचलेलं कळतं, कुठे नाही ते पाहिलं. रात्री ताप येतो का, वजन उतरलंय का, लघवी-शौचाला काही त्रास आहे का, मांड्यांच्या मध्ये बधीर वाटतं का, सगळं विचारलं. मग फोटो पाहिला, वरच्या डॉक्टरांना दाखवला आणि दोघांनी सांगितलं की, गादी थोडी पुढे आली आहे हे खरं, पण पायातली ताकद शाबूत आहे. आज ऑपरेशनची गरज नाही.

मैत्रिणींनो, मी तिथेच रडले. आत्या म्हणाली, "अगो, चांगलं सांगतायत ते!"

त्यांनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले, तर तिशीतल्या शंभरांपैकी चाळीस जणांच्या मणक्यांत अशी पुढे आलेली गादी दिसते. म्हणजे फोटोत दिसतं तेच दुखतं असं नाही, फोटो आणि माणूस दोन्ही पाहावे लागतात. पायात उतरणारी कळसुद्धा बऱ्याच जणांची शस्त्रक्रियेवाचून कमी होते. पूर्वी सांगत तशी अंथरुणावर पडून विश्रांती घ्यायची नाही, त्याने पाठ आणखी दुबळी होते. पुढे मी वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शन काढलं. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती, असा त्यातला अंदाज. व्यायाम करा, दुखणं समजून घ्या, असा त्यात आग्रह आहे. आणि कंबरपट्टे व ताण देण्याची यंत्रं सरसकट देऊ नयेत, असंही म्हटलं आहे. वाचून मला माझे अकरा हजार आठवले, आणि चार वर्षं आवळलेला पट्टाही.

मग आम्हाला फिजिओथेरपीकडे पाठवलं. हा विभागही जुना. १९५३ साली इथे या विद्येची शाळा निघाली, ती देशातली पहिली. तिथल्या बाईंनी विचारलं, "दिवसभर काय करता?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते. अर्धवेळ शाळा." त्या म्हणाल्या, "घरी म्हणजे काय काय? पहाटेपासून सांगा." मी सांगू लागले. पाणी भरणं, जमिनीवर बसून भाजी चिरणं, वाकून केर, वाकून कपडे, सायंकाळी दुकानातले तागे लावणं. सांगता सांगता मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी एक बादली पुढे ठेवली, "उचला बरं, घरी उचलता तशी." मी वाकले. "थांबा," त्या म्हणाल्या, "हेच दिवसातून तीस वेळा करता ना?"

बाहेर पडलो तर समोर टाटा हॉस्पिटल. १९४१ पासून देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तिथे येतात. फुटपाथवर चादरी अंथरून कुटुंबं बसलेली, एक आई मुलाला भात भरवत होती. मला माझ्या दुखण्याची लाज वाटली. तसं बोलून दाखवलं तर आत्या म्हणाली, "त्यांचं मोठं आहे म्हणून तुझं खोटं होत नाही. चल, भूक लागलीय."

आत्याची एक जुनी मैत्रीण लालबागला राहते. जेवायला तिच्याकडे गेलो. वाटेत भारतमाता सिनेमा, डोक्यावर उड्डाणपूल, आणि जिथे गिरण्यांच्या चिमण्या होत्या तिथे काचेचे मनोरे. मसाल्याचा हंगाम नव्हता. उन्हाळ्यात मिरच्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते म्हणे. तरी हळद-मिरचीच्या वासाने शिंका आल्याच, आणि शिंक आली की कंबर धरून थांबायचं, हे तुम्हाला माहीत आहेच.

मैत्रीण मावशी पूर्वी खानावळ चालवायच्या. गिरणीत एकट्याने राहणारे कामगार अशा बायकांच्या हातचं जेवायचे. या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या तावडीतून सुटका व्हावी म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते मी ऐकून होते. मावशी त्याच पिढीतल्या. वीस जणांच्या भाकऱ्या, जमिनीवर उकिडवं बसून, दोन्ही वेळा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे गावी गेले, पण मावशींचा स्टोव्ह विझला नाही. उधारीवर जेवू घातलं. मी विचारलं, "कंबर दुखत नव्हती?" त्या म्हणाल्या, "दुखत नव्हती? रडत रडत थापायची भाकऱ्या. पैसे जमले तेव्हा पहिली गोष्ट काय केली असेल? सोनं नाही घेतलं. ओटा बांधला, माझ्या उंचीचा." आणि त्यांनी तो ओटा हात फिरवून दाखवला.

पुढचे आठ दिवस मी परळला जाऊन व्यायाम शिकले. संध्याकाळी आत्याबरोबर चौपाटीपर्यंत चालायची. समुद्रासमोरच कैवल्यधामचं योगकेंद्र आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला काढलेल्या संस्थेचं. पहिल्या दिवशी ठाकूरद्वारच्या नाक्यावर दोनदा थांबले. आठव्या दिवशी समुद्रापर्यंत एकदाही थांबले नाही.

घरी आल्यावर मी एक काम केलं. सासूबाई, हे आणि मुलगी तिघांना बसवून सांगितलं, "कळशी मी उचलणार नाही. अर्धी भरलेली बादली चालेल." हे म्हणाले, "एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस?" सांगितलं होतं हो, पण हसत हसत सांगितलं होतं. आता पाणी हे भरतात. भाजी मी ओट्याशी चिरते, केरसुणीला लांब दांडा लावला, शाळेत खुर्ची मागून घेतली. पट्टा कपाटात गेला.

चार महिने झाले. दुखणं अगदी गेलं असं म्हणणार नाही. पावसाळी हवेत, दगदग झाली की डोकं वर काढतं. पण रात्रीची झोप लागते, पोटरीतली कळ महिनाभर आलेली नाही. मागच्या आठवड्यात चटईवर व्यायाम करत होते, तर सासूबाई दाराशी उभ्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "ते पाय दुमडून कंबर उचलायचं, ते मला जमेल का गं?" मी चटईवर जागा केली. पण त्यांचं वय पाहता आधी डॉक्टरांना दाखवू म्हटलं. त्यांची कंबर चाळीस वर्षं दुखतेय, हे मला त्या दिवशी कळलं.

आता थोडं जपून ठेवण्याजोगं. मांड्यांच्या मध्ये बधीरपणा, लघवी अडणं किंवा कळत नसताना होणं, पायाची ताकद एकाएकी जाणं, यांपैकी काही झालं तर घरगुती उपाय करू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. संध्याकाळचा ताप, उतरतं वजन, रात्री वाढणारं दुखणं असेल तरी तपासून घ्या, मणक्याला क्षयही होतो. दुखण्याच्या गोळ्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका, पोटाला आणि मूत्रपिंडांना त्या बाधतात. ओझं उचलताना गुडघे वाकवा, वस्तू अंगालगत धरा, उचलून कंबर पिळू नका. ऑपरेशन सांगितलं तर घाबरून हो म्हणू नका आणि घाबरून नाहीही म्हणू नका. दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. काहींना ते खरोखरच लागतं.

आणि कुणी विचारलं, "दिवसभर काय करता?" तर पहाटेपासून सांगा. सगळं सांगा. मी पुढच्या सुट्टीत पुन्हा गिरगावला जाणार आहे. पायाळू काकूंना व्यायाम शिकवायचं कबूल केलंय.